दत्ताचा तळवा

भूत, करणी, बाहेरचं — यातलं मी कधी काय मानलं न्हाई, आणि आजबी मानतो असं म्हणणार न्हाई. शाळा चौथीपर्यंत. टाईप नातीनं केलंय, पण शब्द माझंच हायत. चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात.

औंधजवळच्या एका डोंगरावर रेडिओचा टॉवर हाय, तिथं मी राखणदार. खोलीत लोखंडी कपाट हाय, त्याला रॅक म्हणत्यात. कार्यक्रम लांबवर पोचवणारी यंत्रं त्यात बसवलीत. दत्ता त्या यंत्रांचा मेकॅनिक. अठरा वर्षं आमी एकत्र जेवलो. डबा सोडायच्या आधी तो रॅकचं मागचं दार उघडायचा, यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवायचा — पोराचा ताप बघावा तसा — आणि म्हणायचा, "ताप न्हाई नाना. चला जेवू."

मग नेटवर्क आलं. एसएनएमपी का कायतरी म्हणत्यात त्याला. यंत्रं आपली आपणच सांगलीच्या ऑफिसला कळवत्यात... टेंपरेचर किती, दार उघडं हाय का बंद. चालू-बंदबी तिथनंच. विचारल्याबिगार दार उघडायचं न्हाई असा हुकूम निघाला. दत्तानं तो कवाच पाळला न्हाई, आणि मेकॅनिक म्हणून त्याला चालून गेलं.

गेल्या गणपतीच्या आधी दत्ता छातीत कळ येऊन गेला. त्याच्या जागी कुणाला धाडलं न्हाई. सगळं सांगलीवरनं दिसतंय, मग माणूस कशाला?

त्याचं तेरावं झालं. मी डबा सोडत होतो, तवा माने साहेबांचा फोन आला. हे सांगलीचे इंजिनियर, माझ्या पोराहून लहान.

"नाना, मागचं दार का उघडलंय?"

"बंद हाय साहेब. किल्ली माझ्या करदोऱ्याला हाय."

"इथं उघडं दिसतंय... हां, आता झालं बंद."

दुसऱ्या दिवशी त्याच वक्ताला तेच. साहेब स्वतः आले. दाराचा स्विच बदलला, वायर बदलली, दाराला पाठ लावून उभं राहिले. जेवणाच्या टायमाला त्यांच्या मोबाईलवर आलं — दार उघडलं. दोन मिनिटांनी — बंद झालं. साहेब घामानं भिजले.

"वर सांगू काय मी हे?" म्हणाले.

वरचं ऑफिस काय मानंना. 'दार मी उघडत होतो, चूक झाली' असं लिहून द्या, न्हाईतर घरी बसा, असा कागद आला. खोटं मी लिहिणार न्हवतो. आणि बायको गेल्यापास्नं तो डोंगर सोडून पोराच्या घरीबी मला करमत न्हाई.

दुसऱ्या दिवशी डबा बाजूला ठेवला आणि रॅकपुढं उभा राहिलो. म्हणलं, "दत्ता, पुरं कर गड्या. तुझ्यापायी मला घालवत्यात. दाराला हात लावू नगंस." माझीच मला लाज वाटली.

त्या दिवशी फोन आला न्हाई. पुढं दोन दिवसबी न्हाई.

त्याच्या पुढच्या दिवशी जेवताना जळल्यागत वास आला. सांगलीला फोन लावला. "साहेब, वास येतोय. दार उघडू का?"

"थांबा... टेंपरेचर नेहमीचंच आहे. सगळं हिरवं दिसतंय नाना. दार उघडू नका, परत कागद येईल. मी बघतो."

हातात किल्ली धरून मी उभा. जन्मात कुणाचं ऐकलं न्हाई, त्या दिवशी ऐकलं. मग रॅकच्या फटीतनं धूर आला. सांगलीवरनं बंद करेपर्यंत यंत्र जळून कोळसा झालं हुतं.

उघडून बघितलं तवा कळलं, आतला पंखा अडकलेला. आणि सांगलीला जाणारा टेंपरेचरचा आकडा एकाच जागी थिजलेला... तीन दिवस. मी दत्ताला नको म्हणलं, त्याला तेवढंच दिवस झालेलं.

नवीन यंत्र आलं. माझी नोकरी राहिली, कागदाचं नाव परत कुणी काढलं न्हाई. माने साहेब योगायोग म्हणत्यात. असंल. मला ह्याचा अर्थ आजतागायत लागलेला न्हाई. तुमच्यात कुणाला लागला तर सांगा.

आता रोज डबा सोडायच्या आधी मीच सांगलीला फोन लावतो. "साहेब, दार उघडलं का?"

पयल्यांदा ते हसायचे. आता नीट स्क्रीन बघून सांगत्यात, "नाही नाना. बंदच आहे."

मग मी एकटाच जेवतो.