उजव्या बाजूचं दार

सकाळचे सहा पन्नास. भांडुपच्या चढावर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सुबोध घाडी डाव्या सीटवर बसलेत, पाय शिक्षकासाठीच्या जादा ब्रेकवर. स्टिअरिंगवर ऋता, नवी शिकाऊ.

"क्लच हळू सोड गं. रॉकेट नाहीये हे."

घाडी वीसेक वर्षं शिकवतायत आणि तेवढीच वर्षं डावीकडून, फुटपाथवर उतरतायत. तिथे मागून गाडी येत नाही. गेल्या महिन्यात मेहुण्याची गाडी घेऊन ते बाजारात गेले, कडेला लावली आणि सवयीनं, मागे न बघता, दार उघडलं. पण त्या दिवशी ते उजवीकडे बसले होते. मागून आलेली स्कूटी दारावर आदळली. त्यांच्याच चाळीतल्या शकु तांबे पडल्या, मनगट मोडलं. त्या पोळीभाजीचे डबे घरोघर पोचवतात.

"माझंच चुकलं, मास्तर," शकु रस्त्यावरच म्हणाल्या. "फार खेटून चालवत होते."

जमलेल्यांनाही ते पटलं. मास्तर कसे चुकतील? अपघात झाला की चालक आधी समोरच्याची चूक शोधतो, असं घाडी शिकवताना सांगतात. त्यांना शोधावीही लागली नाही. ते गप्प राहिले.

काल संध्याकाळी शकुंनी त्यांना जिन्यात गाठलं. "मास्तर, स्कूटीला गिऱ्हाईक बघा ना. आमचे हे रोज टोमणे मारतात, झेपत नाही तर घेतलीस कशाला म्हणून. मलाही आता भीती वाटते."

"विकू नका, वहिनी. चूक माझी होती. मी मागे बघितलंच नव्हतं."

"आणि महिनाभर मला ऐकून घ्यायला लावलंत?"

"तोंड उघडलं नाही माझं."

"मग आता उघडा. चला वर, ह्यांच्यासमोर बोला."

घाडी वर गेले, बोलले. तांब्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कमाल आहे मास्तर. आता तुम्हाला कोणी शिकवायचं?" कोणी हसलं नाही.

"स्कूटी राहणार," शकुंनी नवऱ्याला सांगितलं.

निघताना घाडींनी विचारलं, "प्लास्टर काढायला मी नेऊ?"

"नको. रिक्षा मिळते."

प्लास्टर उद्या अकराला निघणार आहे. घाडींचा अकराचा तास ठरल्याप्रमाणे आहे.