कोट मला झाला कसा

माझ्या नवऱ्याशी मी शेवटचं भांडले ते एका ब्लाऊजवरून.

नंतर आठ दिवसांनी ते गेले.
आज वर्ष झालं.

ओळखणारे ओळखतात, बाकीच्यांसाठी सांगते. हणमंतराव, माझे यजमान. सांगलीकडच्या शेतकरी घरातले, सगळी नोकरी फौजेत. मी साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवलं. ते सुट्टीवर यायचे तेव्हा मी पेपर तपासत असायचे. असा आमचा संसार.

फौजेत बटण, टाका ज्याचा त्याने घालायचा. त्यामुळे घरातला सुई-दोऱ्याचा डबाही त्यांचाच. मला शिवणातलं काही येत नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी लेहच्या पोस्टिंगवरून त्यांनी दोन लोकरी कोट आणले. एकाच मरून कापडाचे. एक त्यांचा, एक माझा.

"रिटायर झालो की तुला लेह दाखवतो. जोडीनं घालायचं."

"आणि तोवर? हा घालून मंडईत जाऊ?"

ठेवणीतला म्हणून मी तो ट्रंकेत टाकला. डांबरगोळ्या घालून. आपल्याकडे चांगली वस्तू वापरत नाहीत, ठेवतात.

लेह दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. दहावीचे पेपर, मुलीचं बाळंतपण, माझे गुडघे.

दिवाळीला ट्रंक उघडली की हे म्हणायचे, "आगं, घालून तर बघ एकदा."

"आता कुठला होतोय मला? मी काय तेवढीच राहिलेय?"

राहिले नव्हतेच. चांगली दुप्पट झाले होते.

त्यांचा कोट मात्र मध्येच गायब झाला. मी विचारलं.

"दिला एकीला."

"कुणाला?"

"हाय एक गरजू बाई."

वर हसले. मी दोन दिवस बोलले नाही. पुढे कित्येक वर्षं घरात काही हरवलं की "दिलं असेल त्या बाईला" असा टोमणा मारत राहिले. त्यांनी एकदाही खुलासा केला नाही.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्धाची तयारी करताना ट्रंक उघडली. का कोण जाणे, कोट अंगात घातला.

झाला.

बटणं लागली, वर जागा उरली. तिसाव्या वर्षाच्या आत घेतलेला कोट साठीनंतर मला कसा होईल? गणित जमेना.

मग काखेपाशी काहीतरी टोचलं. सुई. दोऱ्यासकट.

आणि आतल्या खिशात घडी घातलेला माझा मापाचा ब्लाऊज. शिंप्याला माप म्हणून देतो ना, तो.

ज्याच्यावरून भांडले, तोच.

मागच्या वर्षी सांगलीला त्यांच्या केमोच्या फेऱ्या चालू होत्या. पहाटेची बस, दवाखान्यातल्या रांगा, रिपोर्ट. माझं जेवणाकडे लक्ष नव्हतं. ब्लाऊज ढगळ झाले तशा मी बाजूंना सेफ्टी पिना मारून घेतल्या. त्यातलाच एक ब्लाऊज नवं माप म्हणून काढून ठेवला. तो सापडेना. घरभर शोधला आणि खाटेवरच्या माणसावर ओरडले,

"मरायला टेकलात तरी घरात एक वस्तू जागेवर राहू देत नाही तुम्ही!"

ते म्हणाले, "सापडंल गं. कुठं जातोय?"

एवढंच.

कोट घेऊन मी गल्लीतल्या शोभाकडे गेले. ती शिवणकाम करते. तिने अस्तर उलटं करून उजेडात धरलं.

"बाई, ह्यो तीनदा उसवलाय. बाजूंना पट्ट्या घातल्यात. मशीन न्हाई, हातचं काम हाय. आवं, आन् पट्टी बी ह्याच कापडाची. असाच दुसरा कोट फाडलाय कुणीतरी."

मी तिच्या स्टुलावर बसले.

गरजू बाई मी होते.

"आन् हे बघा. शेवटाला आत घेत हुते. डावी बाजू झालीया. उजवीला कच्चा टाका घातलाय, निम्म्यातच सोडलाय. कोण शिंपी हो बाई?"

"फौजी," मी म्हणाले.

मी जाड होत गेले, ते कोट उसवत गेले. मी बारीक झाले, ते आत घ्यायला बसले. सलाईन टोचून काळ्यानिळ्या झालेल्या हातांनी. मी भाजी आणायला, औषध आणायला बाहेर गेले की.

स्वतः मरत होते आणि माझं वाळणं मोजत होते.

शोभा म्हणाली, "उजवी बाजू मारून देऊ का? धा मिनिटांचं काम."

"हात लावू नकोस," मी म्हणाले. तिच्या हातातून ओढूनच घेतला. तिला वाईट वाटलं असणार. शोभा, वाचत असशील तर माफ कर.

मला आता लेह नको. काही नको. मला फक्त ते एक वाक्य परत घ्यायचं आहे.

जन्मभर मुलांना चुकलेलं खोडून पुन्हा लिहायला लावलं. हे खोडता येत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने माफी मागते. शेजारणीने काल विचारलं, "कुणाशी बोलता बाई?" काय सांगू?

चिडले असते तर बरं झालं असतं. "तुझाच कोट शिवतोय" एवढं म्हणाले असते तरी मी गप्प बसले असते. "सापडंल" म्हणाले.

आज सकाळी पुन्हा घातला. त्यांनी आत घेतलेली डावी बाजूसुद्धा आता सैल होते. त्यांचं माप चुकलेलं नाही. वर्षभरात मीच आणखी वाळले.

मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिच्याही लक्षात आलेलं नाही. तिचा दोष नाही. माझ्याकडे तसं बघणारा माणूस एकच होता.

थोड्या वेळाने माणसं जेवायला येतील. मी कोट घालूनच वाढणार आहे. उकडलं तरी. कुणी काढायला सांगू नये.

अहो, चुकले मी. ते बोलणं मागे घेते.

नमस्कार करते. या आता.