उतारशाळेची मालकीण

चर्चच्या नाताळच्या नाटकात उतारशाळेच्या मालकिणीचं काम सतरा वर्षं थोरल्या जाऊबाईंचं होतं. बायबलात या बाईचा मागमूसही नाही. उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत, जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. पण मंडळीतल्या कुणीतरी कधीकाळी नाटक लिहिताना तिला आत घुसवलं, आणि पुढे लोक नाटकाला यायचे ते तिच्यासाठीच. मरिया आणि योसेफ दारात अवघडून उभे, मालक बिचारा जागा द्यायला तयार, आणि ही कमरेवर हात ठेवून त्याची हजेरी घेतेय. शेवटी कंदील पुढे करून ती म्हणायची, "मागे गोठा आहे. पण आधीच सांगून ठेवते, आमचा बैल घोरतो." की हॉल हसून लोटपोट.

एरवी थोरलीचं बोलणं कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं. बाजारामागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. एक खोली, एक मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या पँटी. गिऱ्हाइकांना दिसायचा तो तिच्या डोक्याचा भांग, कारण मान कायम खाली आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की माणूस 'हं' आणि 'उंहू' यापलीकडे काय बोलणार? वर्षातून एक दिवस ती तोंड उघडायची, आणि त्या दिवशी दोनशे माणसं कान देऊन ऐकायची.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली. ती बसस्थानकाच्या तिकीटखिडकीत कामाला होती. काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज, आणि प्रत्येक बोलण्याला उत्तर तयार. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग तिसऱ्या वर्षी तालमी सुरू झाल्या आणि थोरलीचा घसा बसला. आठवडाभर तिच्या जागी धाकटीने वाचून दाखवलं. आठव्या दिवशी थोरली घसा शेकून, बरी होऊन तालमीला गेली, तर चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. नव्या माणसांनाही संधी मिळायला हवी, तुमच्याइतकं मोठं मन कुणाचं, असं बरंच काही ते बोलले. तिने गोठ्यातल्या बैलाचं काम करावं, आणि कपडे तर तिच्याशिवाय कोण शिवणार, हेही सांगून झालं.

"मला काय," थोरली म्हणाली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं, पाठांतर वाचलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

तालमीत ती पुठ्ठ्याचं बैलाचं डोकं घालून गव्हाणीपाशी बसायची. आत स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर यायचा. नाकपुड्यांच्या भोकांतून तिला धाकटी दिसायची आणि बाकांवर हसणारे लोक दिसायचे. तिच्या वेळी लोक अकरा ठिकाणी हसायचे. धाकटीच्या वेळी चौदा ठिकाणी. ती रोज मोजायची. कधी तेराच भरले तर त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं. बैल घोरतो म्हणताना धाकटी आता तिच्याकडे बोट दाखवायची. ते वाक्य आपलं होतं, हे कुणाच्याही लक्षात नव्हतं. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, की धाकटीच्या जिभेला देवाने धारच दिलीय. आणि थोरलीचा स्वतःचा नवरा, जो सतरा वर्षं तिच्या नाटकात मागच्या बाकावर डुलक्या काढायचा, तो आता तालमीलाही दुसऱ्या रांगेत येऊन बसत होता.

सगळ्यात कहर म्हणजे कपडे. मालकिणीचा लाल घेरदार स्कर्ट थोरलीने स्वतःच्या मापाने शिवलेला होता. तोच आता धाकटीसाठी लहान करायचा. धाकटी दुकानात आली, हात वर करून उभी राहिली. थोरलीने टेप लावली. तिच्या कमरेपेक्षा दहा इंच कमी.

"जमेल ना, जाऊबाई?" धाकटीने विचारलं.

"हं," थोरली म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

धाकटी गेल्यावर तिने स्कर्ट उसवला. दहा इंच कापड कापून बाजूला काढलं. मग कमरेचा पट्टा जोडताना तिने मशीनवरून हात काढला, सुई घेतली आणि लांब लांब कच्चे टाके घातले. असे टाके मापापुरते घालतात. नीट ओढ बसली की दोरा सुटतो. असं ती आयुष्यात कुणाच्या फाटक्या पिशवीशीही वागली नव्हती. हुक मात्र दोन लावले, घट्ट.

नाताळच्या आदल्या रविवारी दुपारी नाटक झालं. हॉल भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. धाकटीने दार उघडलं, मालकाला झापायला सुरुवात केली, झटक्यात कमरेवर हात ठेवले, आणि लाल स्कर्ट सरकन तिच्या पायांशी येऊन पडला. पट्टा तेवढा कमरेला राहिला. आत धाकट्या दिराचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता.

हॉल चिडीचूप झाला. पुठ्ठ्याच्या डोक्याआडून थोरली बघत होती. आता ती रडेल, आत पळेल.

धाकटीने खाली पाहिलं. मग सावकाश मालकाकडे पाहिलं.

"बघितलंत? माझा स्कर्टसुद्धा या उतारशाळेत मुक्कामाला राहत नाही, आणि तुम्ही पाहुणे बोलावताय."

असं हसू त्या हॉलने कधी ऐकलं नव्हतं. मरिया हसता हसता खालीच बसली. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. थोरलीने मोजणं सोडून दिलं. नाटकानंतर पाळकसाहेब तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, की ही कल्पना तिचीच असणार. तिने मान खाली घातली, तर त्यांना तो विनयच वाटला.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी एकटी बसली होती. मांडीवर स्कर्ट, बोटाला गुंडाळलेला दोरा.

"तुमच्या हातचं एक बटणसुद्धा कधी सुटलेलं मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

थोरलीने दार लोटून घेतलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण टाका समोर होता.

"मीच केलं."

"मला सांगायचं होतं की. मी सोडलं असतं काम."

"सोडलं असतंस तर आणखी जळले असते," थोरली म्हणाली.

धाकटी बराच वेळ दोरा गुंडाळत आणि सोडत राहिली. मग तिने, आवाज न चढवता, सांगितलं, की त्या अर्ध्या मिनिटात तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. थोरलीने माफी मागितली. धाकटीने ती घेतली, पण चटकन घेतली नाही. कुणाला बोलली मात्र नाही.

नाताळच्या दिवशी वृद्धाश्रमात दुसरा प्रयोग होता. पाळकसाहेबांचा आग्रह, स्कर्ट पडलाच पाहिजे. म्हणून थोरलीने पुन्हा कच्चे टाके घातले, या वेळी सांगून. स्कर्ट पडला, म्हातारी माणसं हसली, आणि थोरलीला पुन्हा तसंच, तितकंच झोंबलं. माफी मागितल्याने ते गेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी विचारलं, तर तिने बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचं काम मागितलं. बाई आणि हेरोद? लोकांना गंमत वाटली. हेरोद दर वर्षी मिशीला पीळ देऊन आरडाओरडा करायचा. थोरली ओरडली नाही. पूर्वेकडचे ज्ञानी दुसराच राजा शोधत आलेत, हे ऐकल्यावर ती सिंहासनावर नुसती बसून राहिली, हसऱ्या तोंडाने, आणि हळू आवाजात तिने विचारलं, "लोक त्याच्याकडे जातात?"

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरचं एक लहान मूल आईच्या कुशीत शिरलं.

पडदा पडल्यावर धाकटी म्हणाली, "जाऊबाई, अंगावर काटा आला."

थोरलीला तेव्हा जो आनंद झाला, तो तिने तोंडावर दिसू दिला नाही.