आबांच्या कायद्याच्या पुस्तकातली चित्रं

माझ्या हातांना कधी स्वस्थ बसणं जमलं नाही. लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा चित्र काढायला फक्त दिवाळीतली भिंत मिळायची. कागद मागायची सोय नव्हती. सुनेने कागद मागितला की माहेरी चुगल्या लिहिते म्हणायचे, मेलं!

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. ते वकील. कचेरीत छापील मराठी, घरात अहिराणी. त्यांच्या फळीवर कायद्याची जाडजूड, चामडी पुठ्ठ्याची पुस्तकं होती. कायदे कधीच बदलले होते, तरी एकाही पुस्तकाला हात लावू देत नसत. त्यातलं कोपऱ्यातलं एक मी उचललं. चोरीच ती, दुसरं काय म्हणणार?

दुपारी घर लवंडलं की माझं काम चाले. दर दोन पानांआड एक पान फाडायचं, नाहीतर चिकटवून चिकटवून पुस्तकाचं पोट फुगतं आणि पुठ्ठा उसवतो. उरलेली दोन-दोन पानं कणकेच्या खळीने जोडायची, वरून पातळ खळीत कालवलेल्या खडूचा हात द्यायचा, की अक्षरं झाकली. त्यावर काजळ, हळद, नीळ. मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया काढल्या, स्टेशनाबाहेरचे टांगे काढले. मध्येच कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं डकवली. खळीला कसर लागते म्हणून पुस्तकं बांधणारे तीत मोरचूद घालतात. पण मोरचूद म्हणजे विष, ते मागितलं असतं तर सतरा प्रश्न! घरात मिरची पोत्याने होती. चांगली मूठभर पूड मी खळीत ढकलली.

पुस्तक कधी गोधड्यांत लपवायचं, कधी डाळीच्या मडक्यामागे. जीव थाऱ्यावर नसे. आबा फळीकडे वळले की मी हातातलं काम टाकून दाराआडून बघत राही. सापडलं असतं तर पुस्तक गेलंच असतं, पण माझं चित्र काढणंही कायमचं बंद झालं असतं. शेवटी कंटाळून ते जिथून काढलं होतं तिथेच नेऊन ठेवलं. म्हटलं, इथे कोण बघतंय.

दोनच दिवसांनी आबा भरदुपारी मोरीकडे धावले. ओठ लालभडक, डोळ्यांतून धारा. पान उलटताना अंगठा जिभेला लावायची त्यांची सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती, मलाही होती. पण मिरची घालताना आठवेल तर शपथ! मी ताक नेऊन दिलं. ते प्यायले, तोंड पुसलं आणि ओसरीवर जाऊन बसले.

मला बसवेना, उभं राहवेना. आता आबा माझ्या नवऱ्याला सांगणार, मग माझी रवानगी माहेरी. त्यापेक्षा पुरावाच नको म्हणून मी पुस्तक काढलं आणि चुलीपुढे बसले. पेटत्या लाकडांपुढे एकदा उघडलं. पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात ओल्या अंगठ्याचा डाग. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही. जीभ तर पहिल्या दोन पानांतच पोळली असणार, तरी अगदी शेवटच्या चित्रापर्यंत डाग होते. त्यापुढे नुसता कायदा, ओळीला ओळ लागून छापलेला.

मान वर केली तर दारात आबा. डोळे अजून सुजलेले.

"चुल्हामा नको टाकू," ते म्हणाले. "आजून निम्मं पुस्तक कोरं शे."