इस्त्रीच्या आधीची खूण

चाळीस वर्षांत मास्तरांच्या शिलाईला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यामुळे लागोपाठ तीन कोटांची डावी बाही आखूड निघाली तेव्हा त्यांनी आधी टेपला दोष दिला, मग गिऱ्हाइकांच्या हातांना. नाचता येईना अंगण वाकडं! शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बायकोला मात्र दिसत होतं, की ताटातलं डावीकडचं अन्नही हल्ली तसंच राहतं. त्यात डोकेदुखी. शेवटी तिने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली. सर्जनबाई आडपडदा न ठेवता बोलल्या. "मला लिम्फोमा वाटतोय. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, मेंदूतच उगवलेला. तो असेल तर गाठ कापून काढायची नसते, औषधांनी विरघळवायची. पण खात्रीसाठी सोमवारी सुईने तुकडा काढू. तोवर स्टेरॉइडची गोळी नको. बरं वाटेल, पण गाठ तात्पुरती विरेल आणि तुकड्यात काहीच सापडणार नाही. फारच त्रास झाला तर आधी मला फोन करा."

घरी मेव्हणा नेमक्या त्याच गोळ्या घेऊन हजर. औषधाच्या दुकानात नोकरी, म्हणजे अर्धा डॉक्टरच! "दाजी, घ्या हो. उद्यापर्यंत डोकं हलकं."

डोकं तर ठणकत होतं. मास्तरांचा हात पुढे गेलासुद्धा. मग त्यांनीच पाकीट परत सारलं.

"मेणाच्या खडूने आखलेल्या कापडावर कापायच्या आधी इस्त्री फिरवतो का कुणी? खूण गेली की कोट गेला."

मेव्हण्याला काही कळलं नाही. बायकोला कळलं, दुकानातली इस्त्री तीच करायची. तिने पाकीट बटणांच्या डबीत टाकलं आणि डबी पर्समध्ये. सोमवारपर्यंत दोघांनी कसेबसे दिवस ढकलले.

तपासणीचा निकाल आला. लिम्फोमाच. "आणि अगदी स्पष्ट," सर्जनबाई म्हणाल्या.

कॅन्सरचं नाव ऐकून हायसं वाटणारी माणसं विरळाच. ही दोघं खुर्चीत सैल झाली. मास्तर तर चक्क हसले. उपचार लांबणार होते, औषधं जड होती. पण आता माप मिळालं होतं.

"ही गोळी आता चालेल?" बायकोने डबी उघडून विचारलं.

बाईंनी पाकीट निरखलं, किती घ्यायच्या ते लिहून दिलं. "आता घ्यायचीच."

तिने गोळी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"घ्या," ती म्हणाली, "फिरवा आता इस्त्री."