इर्या मम्मोचा सूट आणि चार बोटांची ढील

व्हायोला हाकालाने बावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. शिक्षण दहावीत सुटलेलं. लहान मुलांच्या कार सीट तपासायच्या प्रशिक्षणाला ती गेली, तेव्हा वर्गात नर्स होत्या, पोलीस होते, आणि बसवाली ही एकटी. एका नर्सबाईने विचारलं, "पुस्तक जरा जड जाईल ना तुम्हाला?" व्हायोलाने ते जाडजूड पुस्तक बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत, स्टिअरिंगवर टेकवून, पेन्सिलीने रेघा मारत पाठ केलं आणि परीक्षेत पहिली आली. नर्सबाई दुसरी. हे ती अजून सांगते, न विचारता.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती अग्निशमन केंद्राच्या गॅरेजात उभी असते. कोणाचीही गाडी आली की मागच्या दारातून डोकं आत, गुडघा सीटवर, आणि पट्टा असा आवळते की गाडी कण्हते. सीट बसवल्यावर धरून हलवायची. इंचभराहून जास्त हलली, तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा खाणीतला एक मुकादम म्हणाला, "तीस वर्षं गाडी चालवतोय मी." "गाडी तीस वर्षं," व्हायोला म्हणाली, "बाप होऊन तीन दिवस झालेत. सरक बाजूला." मुदत संपलेली सीट दिसली की ती मालकासमोरच करवतीने कापते. कचऱ्यात टाकली तर कोणी गरजू उचलून नेईल, म्हणून. प्लास्टिकलाही म्हातारपण येतं, हे तिने गावाला शिवीगाळ करून शिकवलं.

फक्त एका गोष्टीपुढे या बाईची जीभ अडायची. ती गोष्ट म्हणजे इर्या मम्मोचा सूट.

इर्या सारेला चौऱ्याऐंशी वर्षांची. गाव तिला मम्मो म्हणतं, आमच्याकडे आजीला तेच म्हणतात. चर्चमधल्या कोणाला बाळ झालं की मम्मो त्याच्यासाठी सूट शिवते, पोर वाढलं की पुढच्या मापाचा. डोक्यापासून पावलांपर्यंत एकसंध, आत लोकरीचा जाड थर, वर गोधडीसारखे टाके, छातीवर बाळाचं नाव. उणे पंचवीसच्या थंडीत बाळाला त्या सुटाशिवाय बाहेर काढलं, तर आईचं नाव चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर चघळलं जातं. व्हायोला परक्या लोकांना ओरडून सांगायची, "जाड कपडा काढा, मग पट्टे लावा!" मम्मोच्या सुटातलं बाळ आलं की मात्र आवाज खाली. "गाडीत काढलात तर बरं," एवढंच. आया मान डोलवायच्या आणि सूट तसाच ठेवायच्या.

जानेवारीतल्या त्या शनिवारी मम्मोचा नातू वेस्ली पिकअप घेऊन आला. मागे बायको डॅनिका, मम्मोच्या सुटातली सात महिन्यांची आयनो, आणि पुढे, निरोप द्यायला आलेली, स्वतः मम्मो. वेस्लीला मोठ्या शहरात काम मिळालं होतं. चार तासांचा रस्ता, वर पातळ बर्फ, आणि निघायचं लगेच, इथूनच.

"फक्त नजर टाका, व्हायोला," वेस्ली म्हणाला. लहानपणी तो तिच्याच बसने जायचा. अजून तिच्यासमोर टोपी काढतो.

सीट मागच्या बाजूला, तोंड पाठीमागे, पक्की बसलेली. पट्टे खांद्याच्या खालून, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत. व्हायोलाने पट्टा चिमटीत धरून पाहिला. चिमटीत येईना, म्हणजे ढील नाही.

"बघा! शंभर टक्के," वेस्ली खूश.

व्हायोलाने सुटावर हात फिरवला. मऊ, गुबगुबीत, बोट रुतत होतं. चार तास. बर्फ. आज 'काढलात तर बरं' म्हणून भागणार नव्हतं.

"सूट काढ तिचा."

मम्मोने खिडकीची काच खाली केली. "काय म्हणालीस?"

"सूट काढायचा, मम्मो. त्याच्यावरून पट्टे लावायचे नाहीत."

"बाहेर बघितलंस का? पोरीला काय मासळीसारखी गोठवायचीय?"

"मम्मो, तुम्ही गप्प बसा ना," डॅनिका पुटपुटली.

"तू गप्प. तुझ्या नवऱ्याला असल्याच सुटात वाढवलंय." मम्मो काठी टेकत खाली उतरली आणि व्हायोलासमोर उभी राहिली. "चाळीस वर्षं शिवतेय मी. माझ्या सुटात एका पोराला खरचटलेलंसुद्धा नाही. आणि तू मला शिकवतेस?"

व्हायोलाने पट्टे ढिले न करता नुसतं बकल सोडलं, आयनोला उचललं, सूट काढला. आत पातळ गरम झबलं होतं. पोरगी किंचाळली. पुन्हा सीटमध्ये ठेवली, बकल लावलं, पट्टे होते तेवढेच. मग मम्मोचा हात धरून पोरीच्या छातीवर नेला.

"घाला बोटं."

मम्मोची चार बोटं पट्ट्याखाली आरामात गेली. आणखी जागा उरली.

"ही ढील सुटाने खाल्ली होती," व्हायोला म्हणाली. "गाडी आपटली की लोकर चपटी होते. मग पट्टा कोणाला धरणार? हवेला?"

"आपटलीच तर ना. इतक्या वर्षांत..."

"क्रिस्टा," व्हायोला म्हणाली.

मम्मो थांबली.

"माझी क्रिस्टा. अडीच वर्षांची होती. गाडी खड्ड्यात उलटली, आठवतं? तुम्हीच गोड पाव घेऊन आला होतात. सगळे म्हणाले, बर्फामुळे. गाडी बर्फामुळे उलटली, खरं. पण मी मागे वळून पाहिलं तर पट्टे जागच्या जागी, बकल लागलेलं, सीट रिकामी. पोरगी माझ्या सीटखाली, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. अंगात तुमचा सूट होता. निळा. नावासकट."

आयनो रडायची थांबून टकमक बघत होती.

"सव्वीस वर्षं झाली त्याला," मम्मो हळूच म्हणाली.

"हो."

"आणि तू आज सांगतेस?" काठी फरशीवर आपटली. "मूर्ख बाई! तेव्हा सांगितलं असतंस तर मी शिवणं थांबवलं असतं की काय? वेगळं शिवलं असतं! तुला काय वाटलं, टाके उसवल्यावर रडणारी आहे मी?"

"तुमचं मन..."

"माझं मन माझ्यापाशी. या पोरांची हाडं कोणापाशी होती?"

व्हायोलाची मान खाली गेली.

मम्मोने डोळे पुसले नाहीत, ते तिच्या घराण्यात नाही. तिने बोटं पट्ट्याखालून काढली. "ओढ आता."

व्हायोलाने पट्टा ओढला, चिमूट पाहिली. येईना.

"आता गारठेल ना ती? तुझं पुस्तक काय म्हणतं?"

"पट्टे लावल्यावर वरून काहीही घाला. तोंड मोकळं राहू द्या. गाडी गरम झाली की काढा."

मम्मोने सूट उचलला, झटकला, उलटा केला, आणि पोरीचे हात पुढून बाह्यांत घातले. पाठीचा भाग पोटावर, टोपडं हनुवटीखाली दुमडलेलं, पायांचा भाग गुडघ्यांवर पसरलेला. पट्टे सगळे खाली. आयनोने बाही चोखायला घेतली.

"बावळट दिसतेय," वेस्ली म्हणाला.

"बापावर गेलीय," मम्मो म्हणाली. "हळू चालव. पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून हिचा गळा चाचप. घाम असला तर काढ हे."

पिकअप निघून गेल्यावर दार खाली आलं. व्हायोला मम्मोला घरी सोडायला किल्ल्या शोधू लागली.

"उद्या प्रार्थना झाली की एक सीट घेऊन तळघरात ये," मम्मो म्हणाली. "कॉफीच्या वेळी. बाळवाल्या सगळ्या असतील. बोटं मी घालून दाखवते, बोलायचंही मीच. तू तोंड उघडलंस तर भांडण होईल."

"हो, मम्मो."

"आणि क्रिस्टाला फोन लाव. तिच्या हाडाचं मला तिच्याशी बोलायचंय."