प्रेमा घाडीगावकर आणि खार्तूमचं पाणी

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. आठवड्यातल्या या तीन सकाळी मी मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये चार-चार तास खुर्चीत पडून असतो. मूत्रपिंडं थकली त्याला पाच वर्षं झाली. माझ्या हातात सुई घालते ती तिथली टेक्निशियन, प्रेमा घाडीगावकर. चाळिशीला टेकलेली, ठेंगणी, बोलायला फटकळ. तिचे वडील गुणाजी लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला आले आणि एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. गाव कणकवलीकडचं. लग्न तिने केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

ती मला अण्णा म्हणते. मी महापालिकेच्या पाणी खात्यात चौतीस वर्षं काढली, हे कळल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी कामापलीकडचं बोलली. विचारलं काय, तर, "अण्णा, भांडुपचं पाणी शुद्ध करायचं केंद्र बंद पडलं तर मुंबईला किती तास पाणी पुरेल?"

मी म्हटलं, "बंद कशाला पडेल?"

"पडतं," ती म्हणाली आणि मशीनचा आकडा बघायला वळली.

पुढे वर्षभरात, चार-चार तासांच्या तुकड्यांत, तिने मला जे सांगितलं ते हे.

प्रेमा दोन हजार एकवीसमध्ये सुदानला गेली. राजधानी खार्तूममधल्या एका खाजगी हॉस्पिटलला डायलिसिसची मशीनं जाणणारा माणूस हवा होता. तिथे सरकार धड नव्हतं, हे तिला जाण्याआधीच ठाऊक होतं. पावासाठी रांगा, वीज येऊन-जाऊन. ती पोचल्यावर काही महिन्यांतच लष्कराने सत्ता घेतली. पण रस्त्यावरच्या चहावाल्या बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या स्टुलांवर बसल्या होत्या. ती म्हणते, "मला वाटलं, सरकार आलं काय, गेलं काय, ह्यांचं चालतं. आपल्याकडे उगाच बोंब मारतात."

आमना नावाची नर्स तिथे तिच्या हाताखाली होती. तिशीची, उंच, सतत गुणगुणणारी. तुटकं इंग्रजी आणि तुटकं अरबी मिळून दोघींची एक भाषा झाली होती.

पंधरा एप्रिल दोन हजार तेवीस. शनिवार, रमजानचे शेवटचे दिवस. सकाळच्या पाळीचे सहा पेशंट मशीनवर होते. आधी गोळ्यांचा आवाज आला, मग डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की खिडकीच्या काचा वाजल्या. सैन्य आणि सरकारनेच त्याच्या शेजारी वाढवलेलं दुसरं सशस्त्र दल, दोघं भर शहरात एकमेकांवर तुटून पडले होते. दहा मिनिटांत वीज गेली. जनरेटर लागला, दोनदा खोकला आणि बंद पडला.

डायलिसिस चालू असताना माणसाचं रक्त नळ्यांतून बाहेर फिरत असतं. मशीन थांबलं की ते गोठायला लागतं. तिथल्या सहापैकी चार मशीनच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या.

"हँडल!" प्रेमा ओरडली. पंपाच्या बाजूला एक छोटं हँडल असतं, ते हाताने फिरवून रक्त शरीरात परत घालायचं. फार जोरात फिरवून चालत नाही, थांबूनही चालत नाही. एका मशीनवर ती, दुसऱ्यावर आमना, तिसऱ्यावर पेशंटचा भाऊ, चौथ्यावर झाडूवाली बाई. बाहेर स्फोट होत होते आणि आत प्रेमा मोठ्याने आकडे मोजत होती, म्हणजे सगळ्यांचे हात एका लयीत फिरतील. एका पेशंटची नळी गोठली, तेवढं रक्त वाया गेलं. बाकी सगळ्यांचं परत गेलं. सुया काढल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मराठीत मोजत होतो.

त्या दिवसापासून ती हॉस्पिटलमध्येच अडकली. जनरेटर दुरुस्त झाला, पण नळ कोरडे पडले. नदीपलीकडचं पाणी शुद्ध करण्याचं केंद्र लढाईत सापडलं होतं. "दोन नाईल नद्या जिथे मिळतात त्या शहरात, अण्णा, प्यायला पाणी नाही!" हे सांगताना ती अजूनही चिडते. एका डायलिसिसला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी लागतं, तेही गाळून गाळून स्वच्छ केलेलं. गच्चीवर एक टाकी होती. तिच्यात काठी बुडवून दोघींनी मोजलं. मग चार तासांचे आधी अडीच, मग दोन तास केले, आठवड्यातल्या दोन पाळ्यांची एक केली. अकरा पेशंट गोळीबारातून, गल्लीबोळांतून कसेबसे पोचत होते. त्यात हाशिम नावाचे भूगोलाचे निवृत्त मास्तर होते. ते भांडले. "माझे अडीच तास ठरले होते. तू अर्धा तास चोरलास," असं तिला तोंडावर म्हणाले. तिला रडू फुटलं, पण अर्धा तास तिने दिला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी बंदूकवाले आले. तिघं होते. कुठल्या बाजूचे, ते कपड्यांवरून कळेना. त्यांना डिझेल हवं होतं. आमना दारात आडवी उभी राहिली. "डिझेल संपलंय," ती म्हणाली. त्याच क्षणी मागे जनरेटर धडधडत होता. तिघांतला मोठा हसला. त्याने बंदुकीची नळी आमनाच्या खांद्याला लावून तिला हळूच बाजूला केलं, जशी आपण दाराची कडी सरकवतो. प्रेमा जागची हलली नाही, हलताच आलं नाही. त्यांनी चार कॅन उचलले आणि दोन ठेवले. दोन का ठेवले, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही.

"तक्रार कुठे करायची?" तिने नंतर आमनाला विचारलं. मुंबईची सवय!

आमना म्हणाली, "ज्याच्याकडे करायची, तोच घेऊन गेला असेल तर?"

इकडे मुलुंडला गुणाजी फोन कानाला लावून बसलेले असायचे. फोन लागला की एकच वाक्य. "पेशंट पेशंट काय करतंस? आधी निघान ये."

दहाव्या दिवशी मोबाइलवर निरोप आला. आपल्या वकिलातीने बस ठरवली होती. अमुक चौकात सकाळी सात वाजता. प्रेमाचा पासपोर्ट हॉस्पिटलच्या मुख्य कचेरीत, पुलापलीकडे होता, आणि तो पूल कुणालाच ओलांडता येत नव्हता. मोबाइलमध्ये पासपोर्टचा फोटो होता, तेवढाच.

तिने ठरवलं, जायचं नाही. टाकीत तीन दिवसांचं पाणी होतं आणि गाळणीचं यंत्र आमनाला चालवता येत नव्हतं. आमनाने तिला हाताला धरून त्या यंत्रासमोर नेलं. "शिकव. आत्ता." संध्याकाळपर्यंत दोघी तिथेच होत्या. सलाईनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर प्रेमाने चित्रं काढली. कुठला कॉक आधी, कुठला नंतर, कुठला अजिबात नाही.

सकाळी निघताना प्रेमा म्हणाली, "मी पळून चाललेय."

"नाही," आमना म्हणाली. "तुझं सरकार तुला न्यायला आलंय. माझं सरकार दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडतंय. तू बस पकड."

बसमध्ये पन्नासेक माणसं होती. आयुर्वेदिक औषधं विकायला आपल्याकडून तिकडे गेलेल्यांचा एक मोठा घोळका, काही कारखान्यांतले फिटर, दोन बाळं. शहराबाहेर तिसऱ्या नाक्यावर बस अडवली. एक पोरगेला शिपाई आत चढून पासपोर्ट बघू लागला. प्रेमाने मोबाइल पुढे केला. त्याने मान हलवली आणि तिला खाली उतरवलं. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं. मोबाइलची बॅटरी सहा टक्के. तो फोटो लहान-मोठा करून बघत राहिला आणि ती आकडा बघत राहिली. पाच. चार.

मग वकिलातीने बसबरोबर दिलेला माणूस खाली उतरला. त्याच्या हातात चार पानांची यादी होती, घडी पडून पडून मऊ झालेली. त्याने बोट ठेवलं. एक्केचाळिसावं नाव. घाडीगावकर प्रेमा गुणाजी. शिपायाला ते वाचता येत नव्हतं, पण बोट आणि शिक्का दिसत होता. त्याने मोबाइल परत दिला.

"अण्णा, मी तुमच्यासारख्या सरकारी माणसांना आयुष्यभर शिव्या घातल्या," प्रेमा मला म्हणाली. "रेशनकार्डावर आईचं नाव चुकवलं होतं ना, आठ खेपा घातल्या बाबांनी. पण त्या दिवशी कुणीतरी, कुठेतरी बसून, माझं नाव बरोबर लिहिलं होतं."

पुढे बंदर, नौदलाचं जहाज, जेद्दा आणि विमान. मुंबईत उतरल्यावर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागितलं. ते पासपोर्टसोबत खार्तूममध्ये! तिला काही दिवस वेगळं ठेवलं. बरोबरचे लोक संतापले. हिला मात्र हसू येत होतं. कुणालातरी पडलीय आपली, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. ती आमच्या सेंटरमध्ये लागली आणि नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला, तर खिडकीतल्या बाईने जुना हरवल्याची पोलिसात केलेली तक्रार मागितली, जिथे हरवला तिथल्या पोलिसांची.

"मॅडम, तिथे पोलीस नाहीत."

"ऑनलाइन बघा ना."

"चौकीच जळलीय, मॅडम."

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा."

हे ऐकून मी खुर्चीत इतका हसलो की मशीन शिट्टी मारायला लागलं. प्रेमा हसली नाही. शेवटी मी माझ्या जुन्या सवयीने अर्ज लिहून दिला, मुद्दे एक ते सात, खाली जोडपत्रं. पासपोर्ट सात महिन्यांनी आला.

आमनाशी बोलणं पहिले दोन महिने तुटक तुटक चालू होतं. पुठ्ठ्यावरची चित्रं कामी आली. टाकी संपल्यावर त्यांनी गाढवगाडीवरून विहिरीचं पाणी आणवलं आणि तेही गाळून वापरलं. जूनमध्ये हाशिम मास्तर गेले. कब्रस्तानापर्यंत नेणं शक्य नव्हतं, घराच्या अंगणातच पुरावं लागलं. त्यानंतर फोन बंद. तब्बल पाच महिने.

त्या पाच महिन्यांत एकदा आमच्या सेंटरमध्ये पाणी गेलं. कुणीतरी रस्ता खणताना मोठी जलवाहिनी फोडली होती. आम्ही आठजण मशीनवर. बाकीच्या टेक्निशियन मुली वैतागून फोन करत होत्या आणि प्रेमा भिंतीला टेकून उभी. चेहरा पांढराफटक, ओठ हलत होते. आकडे मोजत असावी. मी हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. मग मी एका हाताने माझ्या जुन्या खात्यातल्या चावीवाल्याला, म्हणजे कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ती झडप फिरवणाऱ्या माणसाला, फोन लावला. पाऊण तासात टँकर आला. तिने तो खिडकीतून बघितला आणि मग कुठे माझ्या मशीनकडे वळली.

"दरवेळी येईलच असं नाही हं," मी म्हटलं. मला आमच्या खात्याची लायकीही ठाऊक होती. डोंगरावरच्या झोपड्यांना आम्ही किती वर्षं तंगवलं, ते मी तिला त्या दिवशी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिथे तंगवायलाही कोणी उरलं नाही, अण्णा. हा फरक आहे. पण झोपडीतल्या बाईला तुम्ही हे सांगू नका, ती तुम्हाला हंड्याने मारेल."

नोव्हेंबरात आमनाचा निरोप आला. ती जिवंत होती, देशाच्या पूर्व टोकाला कसाला गावात. तिथल्या सरकारी दवाखान्यात आठ मशीनं, पेशंट दोनशेच्या वर, अर्धं खार्तूम तिकडे पळून आलेलं. अकरापैकी चारजण तिच्याबरोबर पोचले होते. गाळणीचं यंत्र सारखं बिघडत होतं. प्रेमा मग दर बुधवारी दुपारी व्हिडिओवर तिला वाट दाखवायची. पण काही बिघाड हात लावल्याशिवाय कळत नाहीत.

एका मदत संस्थेमार्फत दीड महिन्यासाठी जायचं तिने ठरवलं. सरकारची सूचना स्पष्ट होती, तिकडे जाऊ नका. गुणाजींनी तिच्याशी बोलणं सोडलं. मीही म्हटलं, "एकदा बस मिळाली. पुन्हा मिळेल?" खरं सांगायचं तर, माझ्या हातात सुई कोण घालणार, ही भीतीही त्यात होती. ते तिला कळलंच.

"तुम्हाला वनमाला घालेल. तिचा हात बरा आहे," ती म्हणाली.

बरा नव्हता. वनमालाच्या पहिल्या शनिवारी माझा दंड काळानिळा झाला. आठवड्यातून एकदा प्रेमाचा निरोप यायचा, दोन ओळींचा. एका आठवड्यात आला नाही. त्या दिवशी गुणाजी, ऐंशीचा माणूस, काठी टेकत सेंटरमध्ये आले आणि माझ्या खुर्चीजवळ उभे राहिले. "तुमका काय कळला काय?" मी नाही म्हणून मान हलवली. ते तसेच तासभर बसले. चौथ्या दिवशी निरोप आला, नेटवर्क नव्हतं म्हणे.

प्रेमा परत आली ती मार्चमध्ये, सात किलो उतरून. यंत्र चालू झालं होतं, आणि तिथल्या दोन मुलींना तिने ते उघडायला, जोडायला शिकवलं होतं. आमनाला म्हणाली होती, "चल मुलुंडला, माझ्या घरी राहा." आमनाने ऐकलं नाही. तिचा भाऊ अजून खार्तूममध्ये आहे, कुठे ते माहीत नाही.

गेल्या मंगळवारी प्रेमाने मला त्याच मदत संस्थेचा एक फॉर्म दिला. येत्या हिवाळ्यात तिला पुन्हा कसालाला जायचं आहे. साक्षीदार म्हणून सही हवी होती. उजव्या हातात सुई होती, म्हणून मी डाव्या हाताने केली. वाकडी आली. ती म्हणाली, चालेल.